छोट्या केसमध्ये किती वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा? जुन्या केबल चालतील का?

तुम्ही विचारलंय की मिनी आयटीएक्स केसमध्ये (म्हणजे छोट्या मदरबोर्डाच्या डबीत) रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड बसवताना पॉवर सप्लाय कोणता घ्यावा, आणि घरातल्या जुन्या सप्लायच्या केबल त्याला चालतील का.

केबलचं आधी सांगतो: नाही, अजिबात नाही. मदरबोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखंच असतं, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनमध्ये काय यावं याचा नियमच नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही वेगळं. प्लग मात्र घट्ट बसतो, तिथंच माणूस फसतो. मी हार्ड डिस्कला वीज देणारी जुनी साटा केबल नव्या सप्लायला लावली, बटण दाबलं आणि जळका वास आला. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले, हार्ड डिस्क खलास. चूक सर्वस्वी माझी. बॉक्समध्ये आलेल्याच केबल वापरा, उरलेल्या त्याच बॉक्समध्ये ठेवा.

वॅटचं गणित सोपं आहे. प्रोसेसर फार तर ८८ वॅट ओढेल, कार्ड २००, बाकी सगळं धरून साडेतीनशेच्या आसपास. ६५० वॅटचा गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा दर्जा) भरपूर झाला.

खरी मारामारी मिलिमीटरची. एटीएक्स, म्हणजे मोठ्या केसमधला नेहमीचा सप्लाय, १५० मिमी रुंद, ८६ उंच आणि १४० लांब. छोट्या केससाठीचा एसएफएक्स १२५, ६३.५ आणि १००. एसएफएक्स-एल १३० लांब, पंखा मोठा म्हणून आवाज कमी. मी त्याच मोहात पडलो होतो. सप्लाय बसला, पण मागून निघणाऱ्या २४ पिनच्या केबलला वळायला जागाच उरली नाही, ती कार्डाला टेकली. शेवटी साधा एसएफएक्स आणला. केसच्या माहितीत सप्लायची जी लांबी लिहिलेली असते, त्यात केबलचं वळण धरलंय का ते बघून घ्या. पंख्याचं तोंड जाळीकडे ठेवा. ग्राफिक्स कार्डाचा प्लग पूर्ण आत गेलाय ना ते डोळ्यांनी बघा, अर्धवट बसलेला प्लग तापून वितळतो.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं. सॉकेट तीन पिनचं, पण अर्थिंगची वायर आत नुसतीच लोंबकळत होती. असं असलं की सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट केसवर उतरतो आणि हाताला झिणझिण्या येतात. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर अनवाणी असलात तर जास्तच. मोठा टॉवर टेबलाखाली असतो म्हणून कळत नाही, ही डबी मात्र हाताशीच असते. वायरमनला बोलावून अर्थिंग आधी तपासून घ्या.

आणि चालू केल्यावर सप्लायचा पंखा फिरला नाही तर लगेच घाबरू नका. बऱ्याच मॉडेलांत लोड वाढेपर्यंत तो बंदच असतो. मी मात्र घाबरून सप्लाय तसाच उचलून भर पावसात शाहूपुरीतल्या दुकानात घेऊन गेलो होतो.