दाखल्याचा अर्ज देऊ नका

प्रश्न : बाई, आम्ही ताडीवाला रोडला राहतो. मुलगा अनुदानित शाळेत आहे. नववीला वर्षभर गणिताला शिक्षकच नव्हते. कसाबसा पास झाला, तर आता शाळा म्हणते, दाखला न्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवा. महापालिकेत गेले, तिथे म्हणाले, ही शाळा आमच्याकडे येत नाही. मग या शाळांवर लक्ष कोणाचं?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, दाखल्यासाठी अर्ज मुळीच लिहून देऊ नका. एकदा पटावरून नाव गेलं की शाळा मोकळी. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणं; तो शाळा सुटलेल्यांसाठी, कामाधंद्याला लागलेल्यांसाठी आहे. रोज वर्गात बसणाऱ्या मुलाला तो भरायला लावायचा, म्हणजे तो नापास झाला तरी शाळेचा निकाल पडणार नाही. मला याची मनापासून चीड येते.

पुणे शहरातल्या खासगी अनुदानित माध्यमिक शाळा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या वर शिक्षण उपसंचालक. शिक्षकांचा पगार सरकार देतं, तेव्हा वर्ग रिकामा का राहिला हे त्यांनीच सांगायला हवं. २००९चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याचा आधार नाही, आणि पोरं गळतात ती नववीतच.

तपासणी होते हो. मी येरवड्याला शिकवत होते तेव्हा साहेब यायचे, हजेरीपट बघायचे, टाचणवह्या चाळायचे, शेरा लिहायचे. एखाद्या मुलीला फळ्याशी बोलावून भागाकार करून दाखव म्हटलेलं मी पाहिलं नाही. वस्तीतल्या शाळेत खरं तर तेच आधी बघायला हवं. तिथल्या पोरांना क्लास परवडत नाही, वर्गात राहिलं ते राहिलंच.

आता शिक्षणाधिकाऱ्यांना साधा अर्ज लिहा : गणिताचा तास कधीपासून रिकामा, दाखला न्या असं कोण म्हणालं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून शाळेची संचमान्यता (मंजूर शिक्षक-पदांचा तक्ता) आणि शेवटचा तपासणी अहवाल मागा; ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाळेत शिक्षकांची किती पदं मंजूर आहेत, हे त्यातून कळेल.

अर्जावर वर्गातल्या आणखी पालकांच्या सह्या घ्या, एकट्या जाऊ नका. आणि तोवर मुलाला एक दिवसही घरी ठेवू नका, नाहीतर शाळा गैरहजेरीचं कारण पुढे करील.