कुंड्यांचा हिवाळा

प्रश्न : गॅलरीत तुळस, बेसिल आणि रोझमेरी अशा तीन कुंड्या शेजारी शेजारी आहेत. थंडी सुरू झाली तरी रोज सकाळी न चुकता पाणी घालते. बेसिलची पानं काळी पडली, तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या आणि रोझमेरी खालून तपकिरी होत चाललीय. शेंडेही माना टाकतात, म्हणून पाणी थोडं वाढवलं. काय चुकतंय?

उत्तर : ताई, तिघींची दुखणी निरनिराळी आणि तुम्ही सगळ्यांना औषध एकच देताय. बेसिल आणि तुळस उबेतल्या. बेसिलला तर बर्फाचीही गरज नाही, पारा १० अंशांच्या खाली उतरला की पानांवर काळे डाग दिसू लागतात. या दोघींना रात्री घरात घ्या, पण खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवू नका. रात्री काचेजवळ चांगलंच गार असतं. बेसिलचा एखादा हिरवा शेंडा उरला असेल तर पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली कापा, खालची पानं काढा आणि काडी पाण्याच्या पेल्यात ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदललंत की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळ्या फुटतात. आईझाड गेलं तरी वाण राहतो. तुळशीची काडी नखाने जराशी खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, तिला हात लावू नका.

आता रोझमेरी. बरीच थंडी ती सोसते. ओल्या मातीत पाय बुडवून उभं राहणं तिला जमत नाही. गारठ्यात झाड पाणी फारसं ओढत नाही, ऊनही कमी, त्यामुळे कुंडी आठवडाभर ओलीच राहते. मातीतली हवा जाते आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून शेंडे मान टाकतात. आपल्याला वाटतं झाडाला तहान लागलीय, की आपण आणखी ओततो. हिवाळ्यात कुंडीतली झाडं गारठ्यापेक्षा या मायेनेच जास्त मरतात, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर झारी खाली ठेवा. कुंडी उचलून बघायची सवय लावलीत तर बोटही घालावं लागणार नाही, सुकलेली कुंडी हाताला हलकी लागते. खालच्या बशीत साचलेलं पाणी मात्र आजच ओता.

प्रश्न : रात्री वाफ्यातली रोपं प्लास्टिकने झाकतो. तरी प्लास्टिक टेकतं तिथली पानं करपली. हवामानाच्या अंदाजात तर ३ अंश सांगितले होते, मग पानांवर बर्फ आला कुठून?

उत्तर : काका, अंदाजातला आकडा जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो. तुमची रोपं वीतभर उंच. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, गार हवा जड म्हणून खाली बसते आणि पानांपाशी पारा शून्याखाली जातो. तेव्हा आकड्याइतकंच संध्याकाळच्या आभाळाकडेही बघा. ढग असले तर बऱ्याचदा निभावतं.

झाकायला जुनी सुती चादर बरी. चार काठ्या रोवून त्यांच्यावर ती अशी टाका की पानांना टेकणार नाही आणि कडा जमिनीपर्यंत येतील. ऊब मातीतून वर येते, ती अडवायची आहे. खोडाशी गाठ मारून झाडाचं बोचकं केलंत तर तीच ऊब बाहेर राहते. सूर्य मावळायच्या आधी झाका आणि सकाळी उन्हं आली की काढा. प्लास्टिकच वापरायचं असेल तर काढायला उशीर अजिबात नको, उन्हात आतली रोपं उकडतात.

माती कोरडी असेल तर त्या दिवशी दुपारी वाफ्याला पाणी द्या. ओलसर माती दिवसाची ऊब जास्त साठवते. (वरच्या ताईंनी हे वाचून झारी उचलू नये! हे जमिनीतल्या वाफ्याबद्दल आहे.)

प्रश्न : पुदिना वरून पूर्ण वाळला. कुंडी रिकामी करू?

उत्तर : थांबा. वरची माती बोटाने बाजूला करा, पांढरट, जाडसर, आडवे पसरलेले दांडे दिसतील. ते कडक असतील तर पुदिना झोपलाय, ऊब आली की फुटेल. बोटाखाली लिबलिबीत लागले तरच कुंडी रिकामी करा.

प्रश्न : खिडकीत लावलेली टोमॅटो-मिरचीची रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात. शिवाय कढीपत्त्याच्या लहान रोपाची पानं पिवळी होऊन गळतायत. युरिया घालू का?

उत्तर : युरिया कुणालाच नको. रोपांना मर लागलीय, हा बुरशीचा रोग. गार, सतत ओल्या मातीत ही बुरशी बळावते. पडलेली रोपं परत उभी राहत नाहीत, ती आसपासच्या मातीसकट काढून टाका. उरलेल्यांना पाणी सकाळी आणि बेतानं द्या, दाटी असेल तर विरळणी करा आणि जरा वारा लागू द्या. बाहेर न्यायची घाई नको. थंडी ओसरल्यावर पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त, असं आठ-दहा दिवस करा.

कढीपत्ता थंडीत पानं टाकतो, काही रोपं तर पार बोडकी होतात. युरियातलं नत्र घातलंत तर कोवळी फूट येते आणि पुढच्या गार रात्री तीच आधी करपते. पाणी कमी करा, कुंडी गार फरशीवरून उचलून दोन विटांवर ठेवा. करपलेले शेंडेही आता छाटू नका, खालच्या डोळ्यांना, जिथून नवी फूट येते त्यांना, तेवढाच आडोसा. नवी फूट दिसली की मग कात्री काढा, खतही तेव्हाच.