रोज वजन कशासाठी?

प्रश्न : वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलंय. का?

उत्तर : हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणं. तसं झालं, की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. ते पायांत, फुफ्फुसांत साचतं. सूज दिसण्याआधीच बहुधा काटा ते सांगतो. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, किंवा आडवं झाल्यावर दम लागून झोपताना जास्त उशा लागू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवीच्या गोळीने पाणी उतरतं. बीटा ब्लॉकरसारखी औषधं हृदयाला जपतात. बरं वाटतंय म्हणून ती बंद करणं फार महागात पडतं. अंगदुखीवर आयबुप्रोफेनही परस्पर देऊ नका, त्याने पाणी पुन्हा साचतं.