अमेरिकेत २०१२ च्या शेवटी टॅक्स कटवरून जी कोंडी झाली, तिला खरं जबाबदार कोण? रिपब्लिकन की डेमोक्रॅट?

तुम्ही विचारलंय की बुशच्या काळातले टॅक्स कट संपत आले तेव्हा दोन्ही पक्ष एकमेकांवर खापर फोडत होते, तर त्यात चूक कोणाची होती. मी न्यू जर्सीत २००९ पासून पेरोलचं काम करते, म्हणजे लोकांच्या पगारातून काय किती कापायचं ते बसवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा सगळा प्रकार मी टीव्हीवर बघितला त्यापेक्षा जास्त पगाराच्या स्लिपांवर बघितलाय. माझं मत सरळ सांगते. २०१२ च्या शेवटच्या सहा महिन्यांचाच हिशोब करायचा असेल तर जास्त चूक हाउसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहातल्या रिपब्लिकनांची, तेव्हा तिथे बहुमत त्यांचं होतं. पण तेवढंच बघितलं तर खरी गोष्ट हातातून सुटते, कारण ही कोंडी २०१२ ला तयार झालीच नाही, ती २००१ ला कायद्यातच लिहून ठेवलेली होती, तारखेसकट.

कसं ते सांगते. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, साधारण कुठलंही मोठं बिल पुढे न्यायचं तर १०० पैकी ६० मतं लागतात, नाहीतर विरोधक ते अडवून धरतात. त्यातून सुटायची एक वाट आहे, रिकन्सिलिएशन म्हणतात तिला, तिथे साध्या बहुमताने भागतं. पण तिला एक अट आहे, बर्ड रूल, वेस्ट व्हर्जिनियाच्या रॉबर्ट बर्ड नावाच्या सिनेटरच्या नावाने ओळखला जाणारा. बजेटची जी मुदत धरलेली असते, तेव्हा ती दहा वर्षं होती, त्याच्या पुढे सरकारची तूट वाढवेल असं काही त्या वाटेने नेता येत नाही. बुश सरकारने २००१ चे टॅक्स कट याच वाटेने नेले, म्हणून त्या कायद्यात सरळ लिहिलं की ३१ डिसेंबर २०१० ला हे सगळं संपेल. आणि हे फक्त रिपब्लिकनांनी केलं असंही नाही, शेवटच्या मतदानात सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ३३ झालं आणि त्या ५८ मध्ये १२ डेमोक्रॅट होते. २००३ ला डिव्हिडंड आणि कॅपिटल गेन्सवरचा, म्हणजे शेअरवर मिळणाऱ्या लाभांशावरचा आणि शेअर वगैरे विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स खाली आणला तेव्हा ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष चेनींनी आपलं मत टाकून ते पास केलं. या कायद्यांनी वरचा दर ३९.६ वरून ३५ टक्क्यांवर आला, खाली १० टक्क्यांचा नवा टप्पा आला, मुलामागचं क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, ५०० चं १,००० डॉलर झालं. म्हणजे श्रीमंतांचं आणि सामान्यांचं एकाच गाठोड्यात बांधलं आणि गाठोड्याला एकच तारीख लावली. पुढची बारा वर्षं भांडण झालं ते या गाठीवरून.

आता डेमोक्रॅटांचं म्हणणं काय होतं, तर वर्षाला अडीच लाख डॉलरच्या खाली कमावणाऱ्या जोडप्यांचे दर आहेत तेच ठेवा, वरच्यांचे संपू द्या. रिपब्लिकनांचं म्हणणं, सगळ्यांचे ठेवा. नीट बघा, अडीच लाखाच्या खालच्यांबद्दल वाद नव्हताच! दोघांना ते हवंच होतं. तरी ते वेगळं काढून पास होत नव्हतं, कारण रिपब्लिकनांनी ते पास होऊ दिलं असतं तर वरच्यांसाठी भांडायला हातात काही उरलं नसतं. याला मी सामान्य माणसाला वेठीला धरणं म्हणते, दुसरा शब्द मला सापडत नाही. २५ जुलै २०१२ ला सिनेटने डेमोक्रॅटांचं बिल ५१-४८ ने पास केलं, १ ऑगस्टला हाउसने ते नाकारून आपलं सगळ्यांसाठीचं २५६-१७१ ने पास केलं, आणि मग निवडणूक होईपर्यंत भिजत घोंगडं. डिसेंबरमध्ये हाउसचे स्पीकर, रिपब्लिकन जॉन बेनर यांनी दहा लाखांपर्यंतच्या लोकांचे दर वाचवायचा प्लॅन बी आणला तर २० डिसेंबरला त्यांच्याच पक्षाची मतं जमेनात म्हणून तो मागे घ्यावा लागला. म्हणून म्हणते, २०१२ पुरतं बोलायचं तर तिकडची चूक मोठी.

पण डेमोक्रॅटांना मी सोडणार नाही. २००९ आणि २०१० अशी दोन वर्षं व्हाइट हाउस, हाउस, सिनेट तिन्ही त्यांच्याकडे होतं. तारीख काही लपलेली नव्हती, कायद्यात छापलेली होती. तरी नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीआधी त्यांनी यावर मतदानच घेतलं नाही, कारण त्यांच्यातल्याच काहींना टॅक्स वाढवला हा शिक्का घेऊन मतदारांकडे जायचं नव्हतं. निवडणुकीत हाउस हातचं गेलं आणि मग डिसेंबरमध्ये मतदान घेतलं, तोवर ४२ रिपब्लिकन सिनेटरांनी पत्र लिहून टाकलं होतं की आधी टॅक्सचं आणि सरकारच्या खर्चाचं मिटवा, तोपर्यंत दुसरं काही पुढे जाऊ देणार नाही. ४ डिसेंबरला अडीच लाखवालं बिल सिनेटमध्ये ५३ मतांवर अडकलं, ६० हवी होती. शेवटी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते मॅकॉनेल यांच्याबरोबर तडजोड केली, सगळंच दोन वर्षं पुढे ढकललं, १७ डिसेंबर २०१० ला सही झाली. म्हणजे नवी तारीख ३१ डिसेंबर २०१२, परत एका निवडणुकीच्या मागोमाग.

त्या तडजोडीत एक गोष्ट होती जिच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनसाठी, प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून ६.२ टक्के कापतात, ते ४.२ केले होते. हा टॅक्स पगाराच्या पहिल्या डॉलरपासून लागतो, इन्कम टॅक्स ज्याला शून्य येतो त्यालाही लागतो, त्यामुळे कमी पगारवाल्यांना या सवलतीने जेवढा हात दिला तेवढा बाकी कशाने नाही. २०११ च्या शेवटी ती संपत होती तेव्हा केवढं रान उठलं होतं, सिनेटने दोन महिन्यांची मुदतवाढ ८९-१० ने पास केली, हाउसच्या रिपब्लिकनांनी आधी नकार दिला आणि दोन-तीन दिवसांत माघार घेतली, डेमोक्रॅट टीव्हीवर सांगत होते की बघा हे सामान्यांचा टॅक्स वाढवतायत. आणि एका वर्षाने? २०१२ च्या शेवटी सगळा आरडाओरडा अडीच लाख, चार लाख, दहा लाख यावर चालू होता आणि ही सवलत दोन्ही पक्षांनी गुपचूप मरू दिली.

१ जानेवारी २०१३ ला पहाटे दोनच्या सुमारास सिनेटने ८९-८ ने तडजोड पास केली, त्याच रात्री अकराच्या सुमारास हाउसने २५७-१६७ ने. एकट्याला चार लाख आणि जोडप्याला साडेचार लाख, त्याच्या वर ३९.६ टक्के, खाली बुशच्या काळातलेच कमी दर, आता कायमचे. हाउसमध्ये बाजूने १७२ डेमोक्रॅट आणि ८५ रिपब्लिकन. मध्यरात्र उलटायची वाट का बघितली हेही समजून घ्या, कारण ते महत्त्वाचं आहे. बहुतेक रिपब्लिकनांनी टॅक्स वाढवणार नाही अशी लेखी शपथ घेतलेली होती, आणि मध्यरात्रीनंतर सगळ्यांचे दर कायद्याने आपोआप वाढलेले होते, त्यामुळे आता दिलेलं मत हे टॅक्स कमी करायचं मत ठरत होतं. तेच बिल, तेच आकडे, फक्त घड्याळ पुढे सरकलं. त्यासाठी आम्ही पेरोलवाले डिसेंबरभर टांगलेले, नवीन वर्षात कुठल्या टेबलने, म्हणजे सरकारच्या कुठल्या तक्त्याप्रमाणे, टॅक्स कापायचा ते कोणी सांगू शकत नव्हतं. नवे टेबल ३ जानेवारीला आले आणि रिटर्न भरायची सुरुवात लांबून ३० जानेवारीवर गेली.

जानेवारीतल्या पहिल्या पगाराच्या दिवशी आमच्या वेअरहाऊसमधला फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस दोन स्लिपा घेऊन माझ्या टेबलाशी आला. तासाला २० डॉलर, दोन आठवड्यांचे ८० तास, १,६०० डॉलर, दोन्ही स्लिपांवर तेच. पण सोशल सिक्युरिटीच्या रकान्यात जुन्या स्लिपवर ६७.२० आणि नव्यावर ९९.२०. त्याने त्या आकड्याखाली पेनने रेघ मारून आणली होती. त्याला वाटलं माझ्याकडून चूक झालीय. मी सांगितलं की नाही दादा, ती सवलत संपली. तो म्हणाला, पण टीव्हीवर तर सांगतायत की मध्यमवर्गाचा टॅक्स वाढला नाही. ३२ डॉलर दर पंधरवड्याला, वर्षाचे ८३२. त्याने विचारलं हे कोणी केलं, आणि मला एका पक्षाचं नाव घेता आलं नाही, कारण ते दोघांनी मिळून केलं होतं. त्या आठवड्यात असे तीसेक जण येऊन गेले असतील.

आणि आम्हा जर्सीवाल्यांना त्या रात्रीचं अजून एक लागलंय. ऑक्टोबरच्या २९ तारखेला सँडी वादळ झालं होतं, आमच्याकडे नऊ दिवस लाईट नव्हती आणि किनाऱ्यावर तर लोकांची घरंच गेली होती. सिनेटने मदतीचं बिल पास करून पाठवलेलं, पण टॅक्सचं मतदान उरकल्यावर हाउसने त्यावर मत न घेताच कामकाज संपवलं. दुसऱ्या दिवशी आमचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी, स्वतः रिपब्लिकन, त्यांनी जाहीरपणे बेनर यांचं नाव घेऊन जबाबदार धरलं. वाटाघाटीत एवढी दमछाक झाली की बेघर लोकांची मदत बाजूला पडली, याचा हिशोब कुठल्याच पक्षाच्या पत्रकात येत नाही.

तुम्ही म्हणाल हे जुनं झालं. नाही झालं. २०१७ ला ट्रम्प सरकारने परत त्याच वाटेने टॅक्स कट नेले, कंपन्यांचा दर कायमचा कमी केला आणि माणसांच्या सवलतींना २०२५ ची तारीख लावली. डेमोक्रॅटांनी २०२१ ला आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची मदत वाढवली, तीही त्याच वाटेने, २०२२ ला पुढे ढकलून तिलाही २०२५ चीच तारीख. मग २०२५ ला काय झालं? टॅक्स कट ४ जुलैला एका बाजूच्या मतांवर कायम झाले, सिनेटमध्ये ५१-५०, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं मत धरून. विम्याच्या मदतीवरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकार बंद राहिलं आणि ती काही त्यातून वाचली नाही. तेव्हाही दोन्हीकडून तेच, यांनी केलं, त्यांनी केलं. म्हणून माझं म्हणणं, कोणी अडवलं हे विचारा, जरूर विचारा, पण त्याआधी तारीख कोणी लावली आणि कोणाच्या सवलतीला लावली ते बघा. कंपन्यांच्या दराला नव्हती, नोकरदाराच्या दराला होती.

तो फोर्कलिफ्टवाला माणूस अजून आमच्याकडेच आहे, आता सुपरवायझर झालाय, ओव्हरटाइम भरपूर करतो. २०२५ च्या कायद्यात ओव्हरटाइमच्या जादा भागावर, म्हणजे नेहमीच्या दराच्या वर मिळतं तेवढ्यावर, वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत वजावट मिळते, मागच्या महिन्यात तो त्याबद्दल विचारायला आला होता. मी त्याला सगळं समजावलं आणि कागदावर वर तारीख लिहून दिली, कारण या वजावटीलाही आहे, आणि टिप्सवरच्या वजावटीलाही तीच, ३१ डिसेंबर २०२८. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे.