सी१एस शिकताना
रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पूरक प्रथिनांची (कॉम्प्लिमेंट) साखळी आकड्यांच्या क्रमाने पाठ करायला जाऊ नकोस, तिथेच बहुतेक जण अडकतात. सी१ नंतर सी४ येतो, मग सी२, मग सी३. सी१चे तीन भाग: सी१क्यू, सी१आर आणि सी१एस. जंतूवर बसलेल्या प्रतिपिंडाला सी१क्यू चिकटला की सी१आर जागा होतो आणि तो सी१एस या विकराला (एन्झाइम) कापून कामाला लावतो. सी१एस पुढे सी४ चिरतो. त्यातला सी४बी हा तुकडा क्षणात जंतूच्या पृष्ठभागाला पक्का चिकटतो. उशीर झाला तर पाणीच त्याला निकामी करतं. ही घाई मला आजही थक्क करते.

आणि हो, ही साखळी नीट चालते का हे पाहणाऱ्या चाचणीसाठी रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत घेऊ नकोस. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतो, सी१चे भाग सुटे होतात आणि पुढे काहीच घडत नाही. साध्या नळीत रक्त गोठू दे, सीरम वेगळं कर, लगेच बर्फावर ठेव.