वाचक विचारतात : होडीमागे गळ ओढताना

प्रश्न : गंगापूर धरणाच्या पाण्यात आम्ही दोघे वल्ह्याच्या होडीतून शिवडा आणि शिंगाळा या माशांसाठी गळ ओढतो. गळ सारखा तळाला अडकतो. अडकला नाही, तर आमिष जसेच्या तसे परत येते. चुकते कुठे? (वाचक, सातपूर)

उत्तर : बहुतेक वेळा चूक वेगात असते. शिवडा आणि शिंगाळा दोघांनाही मिशा असल्या, तरी त्यांची शिकारीची तऱ्हा वेगळी आहे. शिंगाळा तळाशी राहतो आणि वास घेत, मिशांनी चाचपत खातो. त्याच्यासाठी माशाचा तुकडा तळालगत ताशी एक-सव्वा किलोमीटरनेच सरकला पाहिजे. शिवडा तळ सोडून वर येतो आणि जिवंत माशावर झेप घेतो. त्याच्यासाठी डुबी मारणारा सात ते दहा सेंटिमीटरचा ल्युअर (नकली मासा) ताशी तीन-साडेतीन किलोमीटरने ओढावा. एकाच फेरीत दोन्ही साधायला गेलात, तर वेग मधलाच कुठलातरी राहतो आणि तो कोणालाच मानवत नाही. एका फेरीला एकच मासा ठरवा.

मोबाइलच्या जीपीएसवर वेग कळतो. मोबाइल नसेल, तर भिजलेले पान होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाण्यात टाका आणि ते मागच्या टोकापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. चार मीटरच्या होडीला बारा सेकंद लागले, तर वेग ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. चार सेकंदांत पान मागे गेले, तर तो ल्युअरचा वेग. वल्हवताना जोरदार हात मारून थांबू नका. प्रत्येक झटक्याला आमिष उसळते आणि मधल्या विसाव्यात शिसे तळाला बसते, तिथेच ते दगडात रुतते. छोटे, सलग हात मारा.

आता जुळणीकडे येऊ. मुख्य तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ०.४० मिलिमीटरचा घ्या आणि तो तीन कड्यांच्या स्विव्हलच्या, म्हणजे फिरत्या जोडाच्या, एका कडीला बांधा. दुसऱ्या कडीला अर्धा मीटर बारीक तंगूस, ०.२५ ते ०.२८ चा, आणि त्याच्या टोकाला तीस ते साठ ग्रॅमचे लांबट शिसे. हा तंगूस मुद्दाम बारीक ठेवायचा. शिसे अडकले, तर तेवढेच तुटते आणि बाकीचा सरंजाम हाती येतो. गोल शिसे दगडांच्या फटीत बसते, लांबट शिसे बहुधा सरकून सुटते. तिसऱ्या कडीला एक मीटर जाड तंगूस, ०.५० चा, आणि शेवटी तीन-शून्य (३/०) मापाचा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गळ. गळापासून वीतभर अलीकडे तीन-चार सेंटिमीटरचा लहान फ्लोट (तरंगता गोळा) ओवा आणि तो घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना अडवा. हा फ्लोट विसरणारे पुष्कळ आहेत. त्याच्यामुळे आमिष चिखल-शेवाळातून फरफटत नाही, तळाच्या वर तरंगत जाते. ते शिंगाळ्याला दिसते आणि गळही कमी अडकतो. आमिषाला चिलापीचा दोन बोटांएवढा तुकडा पुरे. तो कातडीतून एकदाच टोचा आणि गळाचे टोक उघडे ठेवा. तुकडा गोल फिरत असेल, तर काढून पुन्हा टोचा, नाहीतर तंगूसाला पीळ बसतो.

किती तंगूस सोडायचा? काठीपासून पाण्यात जाणारा तंगूस साधारण ४५ अंशांत दिसला पाहिजे. आठ मीटर खोलीला हिशेबाने साडेअकरा मीटर लागतो, पण तंगूसाला बाक येत असल्याने पंधरा धरा. काठीचे टोक अधूनमधून टकटक हलले, तर शिसे तळावर आहे. सलग वाकून राहिले, तर काहीतरी अडकले आहे. ते अजिबात हललेच नाही, तर शिसे अधांतरी आहे. सर्कल गळाला हिसका देऊ नका. काठी पक्क्या खोबणीत ठेवा आणि ती पूर्ण वाकून राहिली की मग रीळ फिरवा. हिसका दिला, तर गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसण्याआधीच तोंडातून निसटतो.

प्रश्न : वाऱ्यात होडी फारच पळते. इलेक्ट्रिक मोटर घ्यावी का? (वाचक, ओझर)

उत्तर : मोटर घेण्याआधी दोन बादल्या वापरून पाहा. दहा-बारा लिटरच्या बादल्या मीटरभर दोरीने होडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला, एक पुढे आणि एक मागे बांधा. होडी आडवी, संथ वाहते आणि काठ्याही त्याच बाजूने लावता येतात. दोरी लांब ठेवलीत, तर तंगूस तिच्यात गुंततो. मात्र लाटा होडीच्या काठाशी येऊ लागल्या, तर आडव्या होडीत थांबू नका. बादल्या वर घ्या आणि किनारा गाठा.

मोटर घ्यायचीच असेल, तर बारा व्होल्टची आणि शंभर अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. मंद वेगात मोटर बारा-पंधरा अँपिअर ओढते असे धरले आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हे पाळले, तर साडेतीन-चार तास मिळतात. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा साथ देतो. गंगापूरचे पाणी नाशिककर पितात. पेट्रोल-ऑइलचा थेंबही तिथे सांडू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : वळण घेताना नेमका मासा लागतो. हा योगायोग का? (वाचक, सिन्नर)

उत्तर : नाही. वळताना आतल्या बाजूचे आमिष मंदावते आणि खाली बसते, बाहेरच्या बाजूचे वेग घेते आणि वर उठते. आतल्या काठीला मासा लागला, तर पुढे वेग कमी करा. बाहेरच्या काठीला लागला, तर वाढवा. तळालगत ओढत असाल, तर वळण फार मोठे घ्या. लहान वळणात आतला गळ हमखास अडकतो.

प्रश्न : मे महिन्यात धरण आटले की गळ टाकण्यात अर्थ आहे का? (वाचक, घोटी)

उत्तर : गळ असो-नसो, दारणा-मुकणे धरणांच्या काठाने चालत जरूर फिरा. उघडे पडलेले खोड, जुने बांध, दगडांच्या रांगा, ओढ्याचे पात्र, सगळे जीपीएसवर नोंदवा. पावसाळ्यानंतर हीच जागा आठ-दहा मीटर पाण्याखाली असते. मग ओढ्याच्या पात्राच्या कडेकडेने फेरी मारता येते आणि खोडे चुकवता येतात. उन्हाळ्यात अगदी खोल पाण्यात प्राणवायू कमी पडू शकतो, म्हणून सर्वांत खोल डोह गाठण्याचा हट्ट नको. संध्याकाळनंतर उथळ बाजू बघा. पावसाळा हा शिवड्याच्या विणीचा काळ. तेव्हा अंड्यांनी भरलेली मादी लागली, तर सोडून द्या.

परवानगीचेही पाहा. धरणातील मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. त्या संस्थेला आणि धरणाच्या कार्यालयाला आधी विचारा. भिंत, सांडवा आणि पाणी उपसण्याची विहीर यांच्यापासून लांब राहा. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, तिथे गळ नकोच.

प्रश्न : शिंगाळा होडीत घेताना हात फाटतो. कसा धरावा? (वाचक, सातपूर)

उत्तर : पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे असतात. बाजूच्या काट्यांना दातरे असतात आणि मासा ते ताठ करून अडकवतो. म्हणून जाळीत घ्यायचा असेल, तर रबरी जाळी वापरा. दोऱ्याच्या जाळीतून काटा सोडवेपर्यंत मासा अर्धमेला होतो. ओला जाड हातमोजा घालून, बाजूच्या काट्यांच्या मागून पोटाखाली पकडा आणि गळ लांब चिमट्याने काढा. जखम साबणाने धुवा, काटा आत मोडला नाही ना ते पाहा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. लहान, काळपट शिंगी मासा टोचला, तर त्याच्या काट्यात विष असते. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा तास तरी बुडवून ठेवल्यास कळ उतरते.