वाचताना सगळं कळतं, पेपरात लिहिता येत नाही. मोठ्याने समजावून सांगत अभ्यास कसा करावा?

वाचताना जे 'कळतं' ती बहुतेक वेळा नुसती ओळख असते. पुस्तक मिटा आणि मग बघा.

भाग छोटा घ्या, दोन पानांहून जास्त नको. वाचल्यावर दहा मिनिटं दुसरं काही करा, मग पुस्तक न उघडता तीन-चार मिनिटं बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करत. लगेच बोललात तर पुस्तकातलीच वाक्यं तोंडात येतात आणि समजल्याचा भास होतो.

भरती-ओहोटीच घ्या. 'चंद्र पाणी ओढतो' इथवर सगळेच बोलतात. मग पणजीला मांडवी नदीत दिवसातून दोनदा भरती का? इथे गाडी अडते, आणि ती अडलेली जागाच कामाची. चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढलं जातं, पलीकडचं कमी. म्हणून फुगवटे दोन. आणि दोन भरत्यांत सरळ 12 तास का नाहीत, साधारण 12 तास 25 मिनिटं का? कारण पृथ्वी फिरते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकतो.

रेकॉर्डिंग ऐका. 'म्हणजे ते... तसं असतं ना' असं जिथे आलं, पुस्तकात फक्त तेवढंच बघा. सगळा धडा पुन्हा वाचू नका. दुसऱ्या दिवशी परत बोला.

ऐकायला कुणी असेल तर उत्तम, पण नुसती मान डोलवणारा नको. मध्येच 'कित्याक?' (कोकणीत 'का?') विचारणारी आजी त्याहून बरी. गणितं मात्र बोलून येत नाहीत, ती वहीतच सोडवा.